संचालक मंडळात महिला असल्या की शेअरची तरलता (भाव फारसा न हलता सहज खरेदी-विक्री होणं) वाढते का?
थेट नाही, वाढलीच तर माहितीच्या वाटेने. प्रवर्तकांच्या (कंपनी उभारणाऱ्या मालकांच्या) गोतावळ्याबाहेरची व्यक्ती लेखापरीक्षण समितीत खोचक प्रश्न विचारते, खुलासे वेळेवर येतात. मग समोरच्याला आतली बातमी असेल ही धास्ती कमी होते आणि खरेदी-विक्रीच्या भावांतली फट आवळते, म्हणजेच तरलता वाढते. ४९९.८० ला खरेदीदार, ५००.२० ला विक्रेता, म्हणजे फट ०.०८ टक्के.

२०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक कंपन्यांना महिला संचालक सक्तीची केल्यावर अनेकांनी घरातल्याच बाईंना खुर्ची दिली. त्याने फट कशी आवळणार? पुढे बाजार नियामक सेबीने स्वतंत्र, म्हणजे प्रवर्तकांशी नातं नसलेली, महिला संचालक सक्तीची केली: बाजारमूल्याने पहिल्या ५०० कंपन्यांना १ एप्रिल २०१९ पासून, १,००० कंपन्यांना २०२० पासून.

आकडे तपासताना फसगत होते ती मोठ्या कंपन्यांमुळे, त्यांच्याकडे मंडळात महिला आणि शेअरची मोठी उलाढाल दोन्ही असतात. म्हणून सारख्या बाजारमूल्याच्या कंपन्याच ताडून पाहा.