शिक्षकांना 'दीक्षा'सारख्या डिजिटल मंचांची खरोखर माहिती असते का?

आपण एम.एड.च्या लघुशोधप्रबंधासाठी प्रश्नावली तयार करत आहात आणि डिजिटल अध्ययन-अध्यापन मंचांविषयी शिक्षक कितपत जाणतात, असे विचारले आहे. मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिकवतो, तेव्हा उत्तरही आमच्यासारख्या शाळांपुरतेच समजावे.

'दीक्षा' (शालेय शिक्षणासाठीचा भारत सरकारचा डिजिटल मंच) हे नाव ऐकले नाही असा शिक्षक आता शोधूनही सापडणार नाही. मात्र बहुतेकांना ती ठाऊक आहे प्रशिक्षण पूर्ण करून प्रमाणपत्र मिळवण्याची जागा म्हणून; उद्याचा पाठ शिकवण्यापूर्वी उघडून पाहावी अशी जागा म्हणून नव्हे. हा मंच ५ सप्टेंबर २०१७ रोजी सुरू झाला, पण २०२० मध्ये शाळा बंद असताना 'निष्ठा' हे शिक्षकांसाठीचे राष्ट्रीय प्रशिक्षण त्यावर आले आणि तेव्हापासून 'दीक्षा' म्हटले की व्हॉट्सॲप गटावरची लिंक, अंतिम मुदत आणि कोणत्या केंद्राचे (म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटाचे) किती टक्के काम झाले याची यादी हेच डोळ्यांसमोर येऊ लागले. व्हिडिओ चालू ठेवून शेजारी वह्या तपासण्याचा उद्योग मीही केलेला आहे, हे कबूल करतो.

एक प्रसंग सांगतो. केंद्राच्या शिक्षण परिषदेत, निवृत्तीला थोडीच वर्षे उरलेल्या एका बाईंनी पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड 'चालतच नाही' अशी तक्रार केली. पाहिले तर त्या तो पैसे पाठवण्याच्या ॲपने स्कॅन करत होत्या. शिवाय पुस्तक जुने, आधीच्या मुलाने तो चौकोन पेनाने गिरवून ठेवलेला. त्याखाली इंग्रजी अक्षरे व अंकांचा सहा चिन्हांचा कोड असतो आणि तो 'दीक्षा'वर टाइप केला तरी साहित्य उघडते, हे दाखवल्यावर बाई म्हणाल्या, "एवढंच होतं, तर इतक्या प्रशिक्षणांत कुणी सांगितलं का नाही?" व्हिडिओ घरी डाउनलोड करून शाळेत नेटवर्कशिवाय दाखवता येतो, हेही त्यांना त्याच दिवशी कळले. आमच्याकडे खरा अडसर नेटवर्कचाच असल्याने त्यांना हे अधिक उपयोगी वाटले.

क्यूआर कोड जोडलेली पाठ्यपुस्तके सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी वापरली आणि २०२० चा 'ग्लोबल टीचर प्राइझ' त्यांना मिळाला, हे आपल्याला माहीत असेलच. म्हणजे ही वाट वर्गातूनही निघू शकते. आमच्यापर्यंत मात्र ती परिपत्रकातून आली. 'स्वयम्' या सरकारी ऑनलाइन मंचावरचे अभ्यासक्रम नववीपासून पुढचे असल्याने प्राथमिक शिक्षकाला त्याची फारशी ओळख नसल्यास दोष देऊ नये.

प्रश्नावलीत 'आपणांस दीक्षा माहीत आहे का?' असे विचारल्यास सगळे 'होय'वर खूण करतील. त्याऐवजी गेल्या महिन्यात कोणत्या इयत्तेच्या कोणत्या पाठासाठी ती उघडली आणि मुलांना काय दाखवले, असे विचारून दोन ओळी कोऱ्या सोडाव्यात.