फसवणाऱ्याला क्षमा करायची, तर मग देवाच्या न्यायाचं काय?

तुम्ही विचारलंय की, चर्चच्या मंडळीतल्याच माणसाने तुम्हाला बुडवलं, तो दर रविवारी पुढच्या बाकावर बसतो आणि पाळक, म्हणजे पाद्री, तुम्हालाच ‘क्षमा कर’ म्हणतात. देव न्यायी असेल तर हे चालतं कसं?

देव हे का चालू देतो, याचं उत्तर माझ्याकडे नाही. तुमच्या पाळकांकडेही नाही, आणि आहे असं ते म्हणाले तर जरा जपून. बायबलात, सगळं गमावून बसलेल्या नीतिमान ईयोबाच्या पुस्तकाचे ४२ अध्याय आहेत. देव तोंड उघडतो ३८व्या अध्यायात, आणि तेव्हाही पृथ्वीचा पाया कुणी घातला, गरुड घरटं कुठे बांधतो, हेच विचारत बसतो. ‘तुझी पोरं का मेली’ यावर अवाक्षर नाही. शेवटी रागावतो तो मात्र ईयोबावर नाही, त्याला शहाणपण शिकवायला आलेल्या मित्रांवर. मला तेवढं पुरतं. क्षमा आणि पैसे या दोन गोष्टींवर मात्र मला बरंच बोलायचं आहे.

मी बेळगावचा. एका पतसंस्थेत वसुलीला आहे. माझी गाडी गल्लीत शिरली की लोक खिडक्या लावून घेतात. त्यामुळे देणं-घेणं या विषयावर मला कुणी भोळा समजू नये.

आमची मंडळी कोणती ते सांगत नाही. बेळगावात लंडन मिशन १८२० साली आलं, पुढे काम मेथडिस्टांकडे गेलं, तेव्हापासून आमच्यासारखी घरं इथं आहेत. एकमेकांच्या चार पिढ्या ठाऊक असतात, त्यामुळे भांडण झालं तरी तोंड लपवायला जागा नसते. आमच्या मंडळीतल्या वीस बायकांची भिशी होती. महिन्याला २,००० प्रमाणे ४०,००० ची. चालवणारीला आम्ही पोरं मावशीच म्हणायचो. बायबल क्लासला ती मला शेंगदाण्याचे लाडू द्यायची.

आई पिको-फॉल आणि ब्लाऊज शिवून हप्ता भरायची. फेरी नोव्हेंबर २००७ ला सुरू झाली आणि आईने शेवटचा, म्हणजे जून २००९ चा नंबर मुद्दाम मागून घेतला. अक्काला मिरजेला नर्सिंगला घालायचं होतं आणि फी जूनमध्ये होती. आधी पैसे हातात आले तर ते घरात टिकत नाहीत, हे आईला पक्कं माहीत होतं.

मे महिन्यात, एकोणिसाव्या हप्त्याला, मावशीने सगळ्यांचे पैसे गोळा केले आणि ती नाहीशी झाली. दाराला कुलूप. ते ४०,००० ज्या बाईचे होते ती आमच्या अंगणात येऊन रडली. आईने तोवर भरलेले १९ हप्ते म्हणजे ३८,००० गेले. अक्का मिरजेला गेली नाही. कॅम्पातल्या एका दुकानात काउंटरला लागली.

तेव्हाच्या पाळकांनी घरी येऊन प्रार्थना केली. विश्वासणाऱ्याने विश्वासणाऱ्याविरुद्ध पोलिसांत जाऊ नये, करिंथकरांस पहिलं पत्र, सहावा अध्याय वाचा, म्हणाले. आणि अक्काला म्हणाले, प्रभूची तुझ्यासाठी दुसरी योजना असेल. अक्का अठरा वर्षांची होती. तिने विचारलं, “आणि मावशीसाठी कुठली योजना आहे?” त्यावर त्यांनी घड्याळ बघितलं.

तो सहावा अध्याय मी नंतर नीट वाचला. ते पत्र लिहिणारा पौल आधी विचारतो की, तुमच्यात भावाभावांत निवाडा करील असा एकही शहाणा नाही काय? म्हणजे मंडळीने न्याय करायचा नाही असं नव्हे, मंडळीनेच करायचा. मग सातव्या ओवीत येतं की, त्यापेक्षा अन्याय का सोसत नाही. पाळक इथे थांबतात. आठवी ओवी बुडवणाऱ्यांना आहे: तुम्हीच अन्याय करता, तुम्हीच लुबाडता, आणि तेही भावांना. आमच्या मंडळीत आठवी ओवी मी आजवर उपदेशात ऐकलेली नाही. मत्तयाच्या पाचव्या अध्यायाचंही तेच. वेदीपाशी दान ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर, हे सांगितलंय ते ज्याच्याविरुद्ध भावाच्या मनात काही आहे त्याला. म्हणजे ज्याने केलं त्याला! आम्ही ते वाचून दाखवतो ज्याचं गेलं त्याला.

मावशी पाच-सहा वर्षांनी गुपचूप परत आली. वडगावच्या कडेला, बळ्ळारी नाल्याच्या अंगाला मुलाने दोन पॉवरलूम टाकले होते, तिथे राहायला लागली. मंडळीत येत नव्हती. पैसे तिने कशाला घेतले ते कधी नीट कळलं नाही. ज्याच्या त्याच्याकडे वेगळी गोष्ट होती.

मग ऑगस्ट २०१९. त्या आठवड्यातला पाऊस बेळगावच्या माणसाला सांगायला नको. मार्कंडेय, घटप्रभा, मलप्रभा सगळ्या एकदम, गोकाक पाण्यात, आणि पुण्याकडचा महामार्ग शिरोलीजवळ बुडालेला. अक्का तोवर लग्न होऊन कोल्हापुरात. तिच्या गल्लीच्या तोंडापर्यंत पाणी आलेलं, फोन लागला तर लागला. इकडे नाल्याचं पाणी मावशीच्या घरात कंबरभर शिरलं. माग चिखलात.

त्या शनिवारी आमच्याकडे घरगुती प्रार्थना होती. पूरग्रस्तांसाठी प्रार्थना झाली आणि मग मी, वसुली अधिकारी, डोळे मिटून म्हणालो, “प्रभू, तू उशीर करतोस, पण हिशेब चुकता करतोस.” कुणाचं नाव घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती. तीन-चार बायकांनी चांगलं खणखणीत ‘आमेन’ म्हटलं.

आई म्हणाली, “गप बस की. शिलोहाचा बुरूज वाचला नाहीस काय?”

लूक, तेरावा अध्याय. बुरूज पडून अठरा माणसं मेली, ती काय यरुशलेमेतल्या बाकीच्यांपेक्षा जास्त पापी होती? येशू म्हणतो, नाही. आणि पुढे म्हणतो, तुम्ही आपलं बघा. नाल्याच्या त्याच पाण्यात तीन घरं सोडून राहणाऱ्या एका म्हाताऱ्याचंही अंथरूण वाहून गेलं होतं, आणि त्याने आयुष्यात कुणाची भिशी पाहिली नव्हती. पाऊस नीतिमानांवर पडतो आणि अनीतिमानांवरही, हे आपण पेरणीच्या वेळी आनंदाने म्हणतो. पुराच्या वेळी मात्र आपल्याला त्याच्यात न्याय दिसायला लागतो.

दुसऱ्या दिवशी उपासनेनंतर आईने भाकऱ्या बडवल्या, झुणका केला, एक जाड चादर घेतली आणि मला गाडी काढायला लावली. मी गुरकावतच गेलो. मावशी पायरीवर बसून सुताच्या भिजलेल्या लडी पिळत होती. आईला बघून उठली आणि तशीच उभी राहिली. मला वाटलं, आता दोघी गळ्यात पडून रडणार आणि मला पुढच्या रविवारी साक्ष ऐकावी लागणार.

आईने डबा तिच्या हातात दिला आणि म्हणाली, “अडतीस हजार मी विसरलो नाही. खरं, आधी खा.”

(आमच्याकडे बायका ‘आलो-गेलो’ असंच बोलतात, आणि ‘खरं’ म्हणजे ‘पण’. पुणेकरांनी हसू नये.)

एवढंच. मावशीने खाल्लं. आई शेजारी बसून लडी सोडवायला लागली. मी गाडीवर.

माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं उत्तर आईच्या त्या दोन वाक्यांत आहे. भाकरी देताना तिने कर्ज माफ केलं नाही, आणि कर्ज आहे म्हणून भाकरी अडवली नाही. आमच्या धंद्यात हे जमत नाही. आम्ही एक तर वसूल करतो नाही तर निर्लेखित करतो, म्हणजे बुडीत धरून वहीतून काढतो. लोकांना लुबाडणाऱ्या जकातदार जक्कयाकडे येशू आधी जेवायला गेला. ‘आधी पावती दाखव’ म्हणाला नाही. पण जेवणानंतर जक्कय गाणं म्हणून मोकळा झाला नाही, चौपट परत देतो म्हणून उभा राहिला. कृपा फुकट असते हे खरंच. ती आत आली की घरातलं चोरीचं सामान बाहेर निघायला लागतं, हेही तितकंच खरं. ते निघत नसेल तर आत कोण आलंय ते पुन्हा बघावं.

आता अक्काबद्दल. अक्काचं म्हणणं असं की, आईने माझ्या पैशांवर क्षमा केली. पैसे माझ्या फीचे, वर्षं माझी गेली, तर माफ करायचा हक्क आईला कुणी दिला? या एका वाक्यावरून आम्ही बरंच भांडलो. मी म्हणायचो, तुझं मन कठोर झालंय. ती म्हणायची, आदल्या फेरीत आईला तिसऱ्या महिन्याला भिशी लागली, त्यात तुझी डिप्लोमाची फी भरली. तुझी भरली, माझी बुडली, आणि क्षमेवर भाषण तू देतोस.

बरोबर होतं तिचं. जो बुडाला नाही त्याला क्षमा फार स्वस्त वाटते.

तिचं आणखी एक म्हणणं होतं, आणि ते मला कळायला २०१९ उजाडावं लागलं. त्या रविवारी घरी येऊन मी कागद घेतला. मावशीने नेले ते एकोणिसाव्या महिन्याचे, म्हणजे त्या रडणाऱ्या बाईचे. आईचे पैसे विसाव्या हप्त्यातून यायचे होते, आणि तो हप्ता कुणी भरलाच नाही. वीसमधून मावशी वजा, आई वजा, ती रडणारी बाई वजा. राहिल्या सतरा जणी. प्रत्येकीला आपापले चाळीस हजार मिळून चुकले होते. प्रत्येकीचे शेवटचे दोन हजार आईला देणं होतं. मावशीच नाही तर आता कुणाला द्यायचे, म्हणून प्रत्येकीने ते पर्समध्येच ठेवले. सतरा दुणे चौतीस. आईच्या अडतीस हजारांतले चौतीस हजार आमच्याच बाकांवर बसले होते, दर रविवारी, दहा वर्षं, आणि प्रार्थनेत ‘आमेन’ म्हणत होते.

अक्काने हा हिशेब २००९ सालीच मांडला होता. कुणी ऐकला नाही. ती तेव्हापासून प्रभुभोजनाला उठत नाही. माझ्या शेजारी गुडघे टेकणारीच्या पाकिटात माझे दोन हजार आहेत, म्हणते.

एक वाईट माणूस सापडला की बाकीच्यांना चांगलं व्हायला काही करावं लागत नाही, असं मला आता वाटतं. तुमच्या पुढच्या बाकावरच्या माणसाकडे बघताना मधल्या बाकांकडेही बघा. कुणाला माहीत होतं, कुणी गप्प राहून आपलं वाचवलं?

तरी आईच्या बाबतीत अक्का चुकते, हे मी इथेही लिहून ठेवतो. पूरग्रस्तांना सरकारने तातडीचे १०,००० दिले, त्यातले २,००० घेऊन मावशी घरी आली. आईने हात लावला नाही. “माझं मी बघतो. हे तिचे. तिला दे जा.” मावशीची कोल्हापूरला जायची हिंमत नव्हती, म्हणून आईने मला पाठवलं. म्हणजे आईने अक्काच्या वतीने काही माफ केलंच नव्हतं. अक्काने नोटा घेतल्या, मोजल्या आणि विचारलं, “सतरा जणींचं काय?”

यादी तयार आहे. लेवीयाच्या सहाव्या अध्यायात परत करताना पाचवा हिस्सा वर द्यायला सांगितलाय, त्या हिशेबाने डोक्यावर २,४०० होतात. मी रोज परक्यांची दारं वाजवतो, ही सतरा वाजवलेली नाहीत. माझं लग्न मंडळीतच झालंय, आणि यादीत तिसरं नाव सासूबाईंचं आहे.

एक राहिलं. वरचं सगळं पैशाच्या फसवणुकीपुरतं आहे. मारहाण, बाईवर किंवा मुलांवर हात टाकणं, असलं काही असेल तर आधी पोलिसांत जा, करिंथकर वगैरे नंतर. भाकरी न्यायलाही जाऊ नका. माझी आई गेली ती मला बरोबर घेऊन, दिवसाउजेडी, आणि दहा वर्षांनी. दुसऱ्या आठवड्यात कुणी तिला जा म्हटलं असतं तर तिने लाटणं फेकून मारलं असतं. क्षमेला वेळ लागला म्हणून तुमचा विश्वास खोटा ठरत नाही.

तुमचं प्रकरण पैशाचं असेल तर किती वर्षं झाली ते कळवा. पैशाच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते. ती संपायच्या आत त्याच्याकडून ‘देणं आहे’ एवढं सहीनिशी लिहून घेतलंत तर मुदत पुन्हा त्या तारखेपासून धरतात. आधी मत्तयाच्या अठराव्या अध्यायात सांगितलंय तसं एकटे जा. नाही ऐकलं तर एक-दोघांना घेऊन जा. त्या एक-दोघांत पाळक नकोत.