आजोबांच्या डब्यातल्या नाण्यांबद्दल

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि फोटो मिळाले. आजोबांचा डबा तुझ्याकडे आला हे बरं झालं. दुसऱ्या कुणाच्या हाती लागला असता तर चांदी सोनाराकडे आणि बाकीचं भंगारात गेलं असतं. तू विचारतेस, काका, तुमच्याकडचं सगळ्यात किमती नाणं कोणतं? अगं, किमती म्हणावं असं माझ्याकडे फारसं काही नाही. शिवकालीन होन, म्हणजे तेव्हाचं सोन्याचं नाणं, मी काचेपलीकडूनच पाहिला. पगारातून घरखर्च भागवून जे उरलं त्यात जी बसली ती माझी नाणी. पण त्यातली काही अशी आहेत की कुणी आलं की आधी हात त्यांच्याकडेच जातो. त्यांच्याबद्दल लिहितो. त्यातून तुझ्या डब्याचं काय करायचं ते तुलाच सुचेल.

दुसऱ्या फोटोत कोपऱ्यात एक काळपट, वेडीवाकडी तांब्याची चकती आहे. तिच्याखाली तू लिहिलं आहेस, "खराब झालेलं, ओळखू येत नाही." ती शिवराई आहे, शिवाजी महाराजांच्या नावाचा तांब्याचा पैसा! फोटो मोठा करून बघ. वरच्या अंगाला 'राजा'तला 'जा' आणि खाली 'व'चा गोल दिसतो. शिवराईच्या एका बाजूला तीन ओळींत श्री, राजा, शिव आणि दुसऱ्या बाजूला दोन ओळींत छत्र, पति असं असतं, भोवती ठिपक्यांचं कडं. पण ठसा मोठा, चकती लहान आणि घाव हातोडीचा. त्यामुळे एका नाण्यावर 'श्री' येते तर 'शिव' बाहेर जातो, दुसऱ्यावर 'शिव' येतो तर 'श्री' कापली जाते. सगळी अक्षरं एकाच नाण्यावर मिळणं भाग्याचं. म्हणून चार-पाच शिवराया शेजारी मांडून मजकूर जुळवायचा असतो. मी असाच शिकलो, आणि देवनागरीचं वळण नीट पाहायची सवय मला त्यातूनच लागली. कुठे 'शिव' असतं, कुठे 'सिव'. कुठल्या ठशाचा कारागीर घोटीव अक्षर काढणारा, तर कुठल्याचा नुसता रेघोट्या ओढणारा. टांकसाळीत काम करणाऱ्या त्या अनाम माणसांचं हस्ताक्षर म्हणायचं हे. तेवढ्यासाठीच शिवराई माझी सगळ्यात लाडकी.

आता एक सावधगिरी. दुकानदार म्हणेल, "ही महाराजांच्या हाताखालून गेलेली." त्यावर हसून मान हलवायची आणि पुढचं नाणं बघायला मागायचं. महाराजांच्या नावाची शिवराई त्यांच्यानंतरही पाडली जात राहिली. छत्रपतींच्या गादीखाली, पुढे पेशवाईत, कितीतरी ठिकाणी. इंग्रजी अमल आल्यावरही गावोगावी ती बरीच वर्षं चालत होती. बाजारात आज मिळणाऱ्या बहुतेक शिवराया नंतरच्याच असतात. दोन ओळींच्या मध्ये जोड रेघा असल्या तर ती दुदांडी, आणि दुदांडी उत्तरकाळातली. तुझी कोणती ते फोटोवरून मी सांगणार नाही. वजन करून कळव.

शिवराईच्या शेजारी मी मुद्दाम चांदवडचा एक रुपया ठेवतो. टांकसाळ आपल्या नाशिक जिल्ह्यातली, अमल मराठ्यांचा, आणि नाण्यावर नाव कुणाचं? दिल्लीच्या बादशहा शाह आलमचं, तेही फारसीत. तांब्यावर 'राजा शिव' आणि चांदीवर बादशहा! पहिल्यांदा हे कळतं तेव्हा माणूस बुचकळ्यात पडतो. पण रुपया दूरवर जायचा. सराफ त्याचा बट्टा, म्हणजे बदलून देताना कापायची रक्कम, ठरवायचे, आणि ओळखीच्या छापाला बट्टा कमी बसायचा. बादशहाच्या नावाचा छाप हिंदुस्थानभर ओळखीचा होता. तांब्याचा पैसा मात्र गावच्या बाजारातच फिरायचा, तिथे आपलं नाव चालत होतं. राज्य कुणाचं आणि चलन कुणाच्या नावाचं, हे दोन प्रश्न वेगळे असतात. हे मला इतिहासाच्या पुस्तकाने नव्हे, या दोन नाण्यांनी शिकवलं.

माझ्याकडचं सगळ्यात जुनं नाणं नखाएवढं आहे. चांदीचं. नहपान नावाच्या क्षत्रप, म्हणजे शक राजाचं, आणि त्यावर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला. हे भिंगाखाली बघायला तुला बोलावणार आहे, कारण वर्णन करून त्याची मजा येत नाही, तरी करतो. एका बाजूला सातवाहनांचं उज्जैनी चिन्ह आहे: अधिकाच्या खुणेच्या चार टोकांना चार वर्तुळं. पण नाणं जरा तिरकं धरलं की दोन वर्तुळांच्या मधून एक नाक वर येतं. नहपानाचं नाक! ठसा मारताना त्याचा चेहरा पुरता बुजला नाही. दुसऱ्या बाजूला तीन कमानींचा डोंगर आहे, आणि त्याच्या आडून जुन्या ब्राह्मी-खरोष्ठी अक्षरांची टोकं डोकावतात.

१९०६ साली सिन्नर तालुक्यातल्या जोगलटेंभीला असा एक साठा सापडला. नहपानाची १३,००० हून जास्त नाणी, त्यातली ९,००० हून जास्त सातकर्णीने पुन्हा छापलेली. तिकडे नाशिकच्या पांडवलेण्यांत, तिसऱ्या लेण्यात, गौतमीपुत्राच्या आईचा, बलश्रीचा लेख आहे. त्यात ती आपल्या मुलाने क्षहरातांचा, म्हणजे नहपानाच्या घराण्याचा, वंश निःशेष केला असं सांगते. आणि त्याच डोंगरात दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने ३,००० कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, गोवर्धनच्या श्रेणींकडे, म्हणजे कारागिरांच्या संघांकडे, ठेव म्हणून दिले. २,००० विणकरांच्या श्रेणीकडे दरमहा शेकडा एक दराने, १,००० दुसरीकडे शेकडा पाऊण दराने. व्याजातून भिक्षूंना कपडे आणि वरखर्च. मुद्दल काढायचं नाही, असंही बजावून लिहिलं आहे. आपल्या बँकेच्या पावतीवर याहून वेगळं काय असतं? मी लेण्यांवर जातो तेव्हा हा लेख वाचतो, आणि घरी आलो की ते नखाएवढं नाणं काढून बघतो. ते जोगलटेंभीच्याच साठ्यातलं असेल का? ज्याच्याकडून घेतलं तो तसं सांगत होता, पण कागद काही नव्हता. म्हणून माझ्या वहीत 'साठा माहीत नाही' एवढंच लिहिलं आहे.

यावरूनच पुढचं सांगतो. नाणं कुठून आलं हे नाण्याइतकंच मोलाचं असतं. शेतात नांगराला मडकं लागतं, नाणी चार जणांत वाटली जातात, अर्धी वितळतात, उरलेली बाजारात येतात. मग ती कुठल्या गावची, सोबत काय होतं, हे कायमचं गेलं. जोगलटेंभीचा साठा एकत्र राहिला, म्हणून तर नऊ हजार आणि तेरा हजार हे आकडे आपल्याला माहीत आहेत. १८७८ चा कायदा अजून लागू आहे. जमिनीत सापडलेला ठेवा दहा रुपयांहून जास्त किमतीचा असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. तेव्हा "ताई, आत्ताच शेतातून निघालीत, ओली माती आहे बघा" असं म्हणत कुणी नाणी दाखवली तर दोनच शक्यता. एकतर माती कालच लावलेली असते, नाहीतर तो ठेवा लपवलेला असतो. दोन्हीकडे तू हात आखडता घे.

तुझ्या डब्यातला व्हिक्टोरिया राणीचा रुपया छान आहे. १८६२ साल दिसतं म्हणून तो त्याच वर्षीचा असं मात्र समजू नकोस. टांकसाळीने त्यानंतर बरीच वर्षं सालाचा आकडा बदललाच नाही. खरं साल छापायला १८७४ उजाडलं. मुंबईच्या ठशात मधल्या काळात बारीक ठिपके टाकलेले असतात, ते मोजून कोणत्या वर्षीचा ते ठरवतात. वजन ११.६६ ग्रॅम भरायला हवं, म्हणजे एक तोळा. पूर्वी दुकानदार वजन म्हणून रुपयेच तराजूत टाकत, ८० रुपयांचा एक शेर. झिजलेला असेल तर थोडं कमी भरेल. फारच कमी भरला तर शंका घे.

त्याच्याखाली सहाव्या जॉर्जचे जे तीन रुपये आहेत त्यांच्यावर घरातच करता येईल असा एक प्रयोग आहे. फ्रिजवरचं चुंबक घे. १९३८ चा रुपया चिकटणार नाही, १९४४ चाही नाही, पण १९४७ चा चटकन उचलला जाईल. कारण पहिल्यात जवळजवळ ९२ टक्के चांदी, दुसऱ्यात निम्मीच, आणि तिसरा शुद्ध निकेल. चांदीचा टिपूस नाही. मधे दुसरं महायुद्ध झालं. १९४० मध्ये चांदी निम्म्यावर आणली, आणि युद्धात अमेरिकेकडून उसनी घेतलेली चांदी परत करायची म्हणून १९४७ ला ती पार काढून टाकली. कडेवरून बोट फिरव: मधल्या रुपयाच्या दातेरी कडेच्या मधोमध एक खाच लागेल. नकली रुपये पाडणाऱ्यांना ती जमू नये म्हणून केलेली. १९४३ चा भोकाचा पैसाही त्याच टंचाईचा. तांबं वाचवायला मधला भागच काढून टाकला. लोकांनी तो करदोट्यात ओवला, आणि वॉशर म्हणूनही वापरला असं जुनी माणसं सांगतात. बाजारात या नाण्यांना फार भाव नाही. मला ती आवडतात, कारण एका रांगेत ठेवली की युद्धाचा खर्च बोटांना कळतो.

कमळाचं पिवळं वीस पैशाचं नाणं तुझ्या आजीने देवघरातून काढून दिलं असावं, त्याला कुंकू लागलेलं दिसतंय. १९६८ पासून तीन-चार वर्षं ती निघाली, आणि सोन्यासारखी दिसतात म्हणून घरोघरी लक्ष्मीपूजनाला ठेवली गेली. त्याच्या पाया पड आणि ते परत देवघरात ठेव. कुंकू पुसू नकोस.

एका गोष्टीने तू नाराज होशील. राम-सीता-हनुमान असलेलं, ईस्ट इंडिया कंपनी आणि १८१८ लिहिलेलं जे 'दुर्मीळ' नाणं तू वेगळं गुंडाळून ठेवलं आहेस, ते नाणंच नाही. कंपनीने असं काही पाडलेलं नाही. या देवस्थानी टिकल्या, म्हणजे नाण्यासारख्या चकत्या, यात्रेत विकायला केलेल्या. त्यांचे लाखाचे भाव सांगणारे व्हिडिओ तू पाहिले असशील, आणि "आधी नोंदणी शुल्क भरा" म्हणणारे फोनही येतील. रिझर्व्ह बँकेच्या नावानेही असे फोन येत होते. २०२१ च्या ऑगस्टमध्ये बँकेला लोकांना सावध करावं लागलं. ती टिकली आजोबांची आठवण म्हणून ठेव, विकायला काढू नकोस.

चिंच, लिंबू, रांगोळी, दातांची पेस्ट, यांतलं काही नाण्याला लावायचं नाही. तांब्यावरचा काळा-तपकिरी थर म्हणजे नाण्याची कातडी. तो घासून काढला की खाली उरतो नुसता धातू, आणि जाणकार ते नाणं हातातही घेत नाही. फारच माती असेल तर साध्या पाण्यात भिजत ठेव आणि मऊ कापडावर टेकवून कोरडं कर, चोळू नकोस. प्लॅस्टिकच्या स्वस्त अल्बममधून तर आजच काढ. काही महिन्यांनी नाण्यांवर हिरवट चिकट थर येतो तो त्या प्लॅस्टिकमुळेच. प्रत्येक नाणं कागदाच्या वेगळ्या पाकिटात ठेव, पाकिटावर वजन, व्यास आणि कुठून आलं ते लिही. नाणं धरायचं कडेने, आणि खाली मऊ टॉवेल अंथरून.

नवीन खरेदी वर्षभर नको. त्याऐवजी रोजच्या सुट्ट्या पैशांकडे बघ. सालाच्या खाली छोटीशी खूण असते: पत्त्यांतल्या चौकटसारखी असेल तर मुंबई, चांदणी असेल तर हैदराबाद, ठिपका असेल तर नोएडा, आणि काहीच नसेल तर कोलकाता. रिक्षावाल्याने दिलेल्या मोडीतही चार टांकसाळी सापडतात. सुट्टीत अंजनेरीचं नाण्यांचं संग्रहालय बघायला आपण जाऊ; मुंबईला गेलीस तर फोर्टात रिझर्व्ह बँकेचं आहे. तिथे सगळं बघायचा हट्ट धरू नकोस. क्षत्रपांच्या एकाच कपाटापुढे अर्धा तास उभी राहा.

आणि आजीशी बोल, याच आठवड्यात. आजोबांनी कोणतं नाणं कुठून आणलं, कुणी दिलं, कोणत्या बाजारातून घेतलं, तिला जे आठवेल ते तिच्याच शब्दांत लिहून घे. तारखा चुकल्या तरी चालतील, त्या नाण्यांवरून जुळवता येतात. शिवराईचं वजन आणि दोन्ही बाजूंचे फोटो पाठव. प्रकाश समोरून नको, एका बाजूने पडू दे, म्हणजे अक्षरं उठून दिसतील.

तुझा,
काका