छताला डाग न लागता भिंतीची वरची कड सरळ कशी येईल?

तुमचा प्रश्न असा आहे: जुळे सोलापुरात फ्लॅट, छत नुकतंच पांढरं करून घेतलंय, आता भिंतींना गडद निळा प्लॅस्टिक इमल्शन स्वतःच्या हाताने द्यायचाय. रंगारी न बोलावता आणि टेप न लावता वरची कड नीट येईल का?

येईल. मी सोलापुरातच रंगकाम करतो आणि छताच्या कडेला टेप क्वचितच लावतो. आधी छताला काय दिलंय ते बघा. ओलं बोट घासून पाहा. बोटाला पांढरं लागलं तर वर साधं डिस्टेंपर किंवा चुना आहे. तिथे टेप नीट चिकटत नाही, आणि चिकटलाच तर काढताना पापुद्रा घेऊनच खाली येतो. त्यावर रंग लागला तर पुसायलाही जाऊ नका, पुसल्याने डाग पसरतो. वाळू द्या आणि वरून छताचाच पांढरा लावा. इमल्शन असेल तर मात्र ओल्या फडक्याने लगेच पुसलं की निघतं. म्हणून पुट्टी लावायच्या पातळ पत्तीला ओलं फडकं गुंडाळून ते खिशात ठेवायचं.

आता कोपऱ्याबद्दल, कारण खरी अडचण तिथे आहे. भिंत आणि स्लॅब जिथे मिळतात तो कोपरा सरळ नसतोच. गिलावा हाताने झालेला असतो, कुठे फुगवटा, कुठे खळगा. तुम्ही अगदी कोपऱ्यात ब्रश घालून रंग नेलात तर कड त्या कोपऱ्याबरोबर वाकडी जाणार, आणि गडद निळ्यात ते दारातूनच दिसेल. कोपऱ्याच्या तीन-चार मिलिमीटर खाली थांबा. तेवढी पट्टी छताच्या पांढऱ्याची भिंतीवर राहू द्या. भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरा ताणून धरा आणि त्याच्या बाजूने पेन्सिलीची फिकट खूण करा. पाणसळ (पातळी बघायची पट्टी) लावू नका. स्लॅब थोडा उतरता असेल तर पाणसळीतली रेघ छताशी तिरकी दिसते. रेघ छताला समांतर हवी. दहा फूट उंचीच्या खोलीत खाली उभ्या माणसाला ती पांढरी पट्टी दिसत नाही, त्याला फक्त सरळ रेघ दिसते.

कटिंगसाठी, म्हणजे रोलरआधी कडेची पट्टी ब्रशने रंगवण्यासाठी, दोन किंवा अडीच इंची ब्रश घ्या, तिरक्या कापलेल्या केसांचा मिळाला तर उत्तम. स्वस्त ब्रशचे केस गळून रंगात अडकतात, इथे पैसे वाचवू नका. डब्यातून थेट न घेता मगात इंचभर रंग घ्या. केसांचा खालचा तिसरा हिस्साच बुडवा आणि मगाच्या दोन्ही बाजूंना हलका आपटा. काठावर निपटलात तर रंग एका बाजूने निघून जातो आणि ब्रश अर्धा कोरडा राहतो. पहिला फटका रेघेच्या बोटभर खाली मारा, म्हणजे जादाचा रंग तिथे उतरतो. मग त्याच ब्रशने केस किंचित दाबून पसरवा, टोक रेघेपर्यंत वर सरकवा आणि हळू पण न थांबता हातभर लांब ओढा. नजर ब्रशवर ठेवू नका, तो पुढे जिथे जाणार आहे तिथे ठेवा. हात खांद्यातून फिरू द्या, मनगटातून नाही.

घोडा, म्हणजे उभं राहायची घडीची शिडी, इतका उंच हवा की डोळे रेघेच्या पातळीत येतील. मान वर करून, पायाच्या बोटांवर उभं राहून कधीच सरळ कड येत नाही. हात लांब करण्यापेक्षा खाली उतरा आणि घोडा सरकवा. कंटाळा येतो, पण डाग पडतात ते बहुतेक याच कंटाळ्यामुळे.

पहिल्या हाताला, म्हणजे रंगाच्या पहिल्या थराला, रेघेच्या थोडं खालीच राहा. रेघ दुसऱ्या हाताला गाठायची. कड ठरते ती शेवटच्या हातानेच, मग दोनदा जीव मुठीत धरायचा कशाला?

आपल्या हवेचाही विचार करा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो आणि वरच्या मजल्यावर स्लॅब तापला की छताजवळचा रंग ब्रशखालीच ओढायला लागतो. कटिंग सुकून गेल्यावर रोलर मारला की त्या जागी गडद पट्टा उठतो. म्हणून सकाळी लवकर सुरू करा, पंखा बंद ठेवा, आणि एका भिंतीचं कटिंग झालं की ते ओलं असतानाच तिचा रोलर करून घ्या. चारही भिंतींचं कटिंग आधी उरकायचा मोह टाळा. आदल्या दिवशी बादल्या भरून ठेवा. नळाला पाणी रोज नसतं आणि ब्रश लगेच धुतला नाही तर दुसऱ्या हाताला कामाचा राहत नाही.

छताला मोठे डाग बहुधा रोलरनेच लागतात, त्याचं टोक स्लॅबला टेकतं. कटिंगची पट्टी तीन इंच रुंद ठेवा आणि रोलर तिच्या निम्म्यातच थांबवा. शेवटचा फेरा आडवा मारा. जोरात फिरवलात तर बारीक शिंतोडे वर उडतात. खाली जुन्या चादरी अंथरा, प्लॅस्टिकवर सांडलेला रंग तळव्याला लागून घरभर फिरतो.

टेप लावायचाच असेल तर तो छतावर लावा, कड पत्तीने दाबा, आधी त्या कडेवर छताचाच पांढरा फिरवा आणि तो वाळल्यावरच निळा द्या. दुसरा हात ओला असतानाच टेप तिरका ओढून काढा.

छताचा उरलेला पांढरा रंग बाटलीत जपून ठेवा. दुसऱ्या डब्यातला पांढरा क्वचितच जुळतो. चुकून निळा लागलाच तर तो पूर्ण वाळल्यावर चित्रकलेच्या बारीक ब्रशने त्याच बाटलीतला रंग लावा, गरज पडली तर दोनदा.