ऑनलाइन रोलप्लेइंग गेममधील आमच्या गिल्डची पॉइंट पद्धत बिघडली आहे. सगळ्यांचे पॉइंट शून्यावर आणावेत का?

आपल्या प्रश्नातील परिस्थिती आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचकांनाही उत्तर ताडून पाहता येईल. आपली गिल्ड, म्हणजे नेहमी एकत्र खेळणाऱ्यांचा संघ, ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट क्लासिक’मध्ये युरोपच्या सर्व्हरवर खेळते. आठवड्यातून एकदा 40 जणांची रेड, म्हणजे मोठ्या शत्रूंवरची सामूहिक मोहीम, होते, हजेरीचे 100 पॉइंट मिळतात, बॉसकडून, म्हणजे अशा मोठ्या शत्रूला मारून, मिळालेली कोणतीही वस्तू 100 पॉइंटांना दिली जाते आणि एकाच वस्तूवर दोघांनी हक्क सांगितला तर ज्याची शिल्लक जास्त, त्याला ती मिळते. परिणाम असा झाला आहे की काही जुन्या खेळाडूंकडे 4000 पॉइंट साठलेले आहेत आणि नव्याने आलेले हीलर, म्हणजे इतरांच्या जखमा भरून काढणारे खेळाडू, महिनाभर रेडमध्ये राबूनही पदरात काही न पडल्यामुळे गिल्ड सोडून जात आहेत.

शून्यावर आणू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. मी स्वतः अशाच एका गिल्डमध्ये पॉइंटांचा हिशेब सांभाळण्याचे काम बराच काळ केले आहे आणि त्या अनुभवावरून सांगतो की आपल्याकडचा बिघाड शिलकीत नसून शिल्लक मोजण्याच्या रीतीत आहे. आज सगळे शून्यावर आणले आणि नियम तेच ठेवले, तर काही महिन्यांनी आपण पुन्हा याच जागी उभे असाल. फरक इतकाच, की तोपर्यंत आपले सर्वांत भरवशाचे टँक (शत्रूचे वार अंगावर घेणारे) आणि हीलर नाराज होऊन दुसरीकडे गेलेले असतील.

ही पद्धत आली कुठून, ते माहीत असले की पुढचे समजणे सोपे जाते. 1999 मध्ये आलेल्या ‘एव्हरक्वेस्ट’ या खेळात नागाफेन आणि व्हॉक्स असे दोन ड्रॅगन होते. त्यांना मारण्यासाठी खूप माणसे लागत आणि मारल्यावर मिळणाऱ्या वस्तू मात्र मोजक्याच असत. ‘आफ्टरलाइफ’ नावाच्या गिल्डने त्यावर हजेरीचे पॉइंट ठेवण्याची युक्ती काढली आणि ‘ड्रॅगन किल पॉइंट्स’, म्हणजेच डीकेपी, हे नाव तेव्हापासून रूढ झाले. लक्षात घेण्याची गोष्ट ही, की खेळ या पॉइंटांना ओळखत नाही. ते गिल्डने आपल्या सभासदांना दिलेले एक वचन आहे, त्यामागे दुसरा कसलाही आधार नाही. म्हणून नियम पुढच्यासाठी खुशाल बदलावेत, पण कमावलेले पुसून टाकण्याच्या वाटेला सहसा जाऊ नये.

आता आपला हिशेब पाहू. 40 जणांना दर आठवड्याला 100 पॉइंट मिळतात, म्हणजे गिल्डमध्ये दर रेडला 4000 पॉइंट नव्याने येतात. समजा, एका रेडमध्ये खरोखर कोणाला तरी हव्या असलेल्या 20 वस्तू मिळाल्या. प्रत्येकी 100 प्रमाणे 2000 पॉइंट खर्च होतात आणि उरलेले 2000 दर आठवड्याला कोणाच्या ना कोणाच्या खात्यात पडून राहतात. बरे, हे प्रमाण स्थिरही राहत नाही. मोल्टन कोअर या रेडमधले दहाही बॉस महिनोन्‌महिने मारत राहिल्यावर जुन्या खेळाडूंना हव्या असलेल्या वस्तू कमी कमी होत जातात, जावक आटते आणि आवक मात्र तेवढीच राहते. शिवाय 4000 वाल्याने एक वस्तू घेतली तरी त्याच्याकडे 3900 उरतात, म्हणजे पुढच्या वस्तूलाही पहिला हक्क त्याचाच! खर्च केल्याने रांगेतली जागा हलत नसेल, तर त्या खर्चाला अर्थच राहत नाही. जुने पॉइंट असे साठत गेले की त्यांचे वतन होऊन बसते, आणि वतनदाराला कसण्याची गरज उरत नाही.

साठेबाजीची दुसरी बाजू आपल्या रेडमध्येही आपण पाहिली असेल. शेवटच्या बॉसकडच्या एखाद्या शस्त्रासाठी नंबर टिकवायचा म्हणून मधल्या बॉसचे हातमोजे, पट्टे, मनगटबंद कोणी मागत नाही. आधीपेक्षा चांगले हातमोजे पडलेले असतात, ते घालू शकणारे चार जण समोर हजर असतात आणि चारही जण चॅटमध्ये ‘पास’, म्हणजे ‘मला नको’, असे लिहितात. मग एन्चांटर, म्हणजे वस्तूंवर जादू चढवण्याची विद्या घेतलेला खेळाडू, ते हातमोजे फोडून त्यांचा नेक्सस क्रिस्टल हा कच्चा माल करतो. प्रत्येकाचे स्वतःचे गणित बरोबर असते, पण 40 जणांची रेड मिळून होती तितकीच दुबळी राहते.

यावर सर्वत्र सुचवला जाणारा पहिला उपाय म्हणजे साप्ताहिक घट. दर आठवड्याला प्रत्येकाच्या शिलकीतून 10 टक्के कमी करायचे आणि मग त्या आठवड्याचे 100 जमा करायचे. काहीच खर्च न करणाऱ्याची शिल्लकही अशाने 1000 च्या पुढे साठून राहत नाही, कारण 1000 वर पोचल्यावर जितके येतात तितकेच जातात. नवा खेळाडू साधारण सात आठवड्यांत या मर्यादेच्या निम्म्यावर येतो. ज्याच्याकडे आज 4000 आहेत, तो काही न घेता खेळत राहिला तर दहा आठवड्यांनी सुमारे 2050 वर असेल आणि आज आलेला नवा खेळाडू सुमारे 650 वर. क्रम तोच राहतो, अंतर मात्र 4000 वरून 1400 च्या आसपास येते. उपाय चांगला आहे, पण आपल्या गिल्डसाठी तो एकटा मला पुरेसा वाटत नाही, कारण यातही ‘कोणी किती कमावले’ एवढेच पाहिले जाते आणि ‘कोणी किती नेले’ हे फारसे पाहिले जात नाही. खरी मेख तिथे आहे.

म्हणून मी आपल्याला ईपीजीपी (‘एफर्ट पॉइंट्स, गिअर पॉइंट्स’) या पद्धतीकडे जाण्याचा सल्ला देईन. यात प्रत्येकाच्या नावावर दोन आकडे असतात. एक श्रमाचा, म्हणजे हजेरीने वाढणारा; दुसरा घेतलेल्या वस्तूंचा, म्हणजे वस्तू घेतली की तिच्या किमतीने वाढणारा. पहिल्याला दुसऱ्याने भागून जो भागाकार येतो, त्यावर क्रम ठरतो. आपल्याकडे कोणी कोणती वस्तू कधी घेतली याची नोंद असणारच, आणि ती असेल तर कोणाचा एकही पॉइंट न पुसता जुन्या हिशेबातून नव्या हिशेबात जाता येते.

उदाहरण घेऊ. आपल्या एका जुन्या वॉरियरने (लढवय्याने) आजवर 5000 कमावले आणि दहा वस्तू घेतल्या. नव्या दराने त्या वस्तूंची किंमत 2000 भरते. आपल्याच एका जुन्या प्रीस्टने (पुजारी पात्र घेऊन खेळणाऱ्याने) 4500 कमावले, पण तीनच वस्तू घेतल्या, किंमत 500. तिसरा चार आठवड्यांपूर्वी आलेला हीलर, कमाई 400, घेतलेले काहीच नाही. प्रत्येकाच्या दुसऱ्या आकड्यात 200 चा एक मूळ अंक मिळवू. वॉरियरचा भागाकार 5000 भागिले 2200, म्हणजे 2.27, प्रीस्टचा 4500 भागिले 700, म्हणजे 6.43, आणि नव्या हीलरचा 400 भागिले 200, म्हणजे 2. जुन्या पद्धतीत हा नवा हीलर वॉरियरच्या दहापट मागे होता. आता तो त्याच्या अगदी पाठीमागे आहे आणि पुढच्या रेडनंतर 2.5 होऊन त्याच्या पुढे जाईल. त्याने 150 ची एक वस्तू घेतली की तो 1.43 वर उतरेल आणि पुन्हा वाट पाहील. ज्या प्रीस्टने इतके दिवस राबून फारसे काही नेले नाही, त्याचा मान मात्र अबाधित राहतो, आणि माझ्या मते तो राहायलाच हवा.

हा मूळ अंक ठरवताना घाई करू नये, कारण नव्या-जुन्यांतला सगळा तोल त्याच्यावरच आहे. तो 200 ऐवजी 20 ठेवला, तर नव्या हीलरचा भागाकार एकदम 20 होतो आणि तो प्रीस्टलाही मागे टाकतो. उलट 1000 ठेवला, तर तो 0.4 वर अडकतो आणि आपण पुन्हा मूळ दुखण्याशी येतो. आपल्या नोंदींवर दोन-तीन वेगवेगळे अंक घालून, मागील महिन्यातील वस्तू कोणाला गेल्या असत्या, हे एकदा कागदावर करून पाहावे. साप्ताहिक घट येथेही ठेवावी, पण ती मूळ अंक सोडून दोन्ही आकड्यांना सारखी लावावी. भागाकारावर तिचा परिणाम सौम्य असतो. वरचा वॉरियर दहा आठवडे आलाच नाही तर 2.27 वरून साधारण 1.94 वर येईल. मात्र मागच्या वर्षीच्या हजेरीपेक्षा या महिन्याची हजेरी जड ठरू लागते, आणि आपल्याला तेच हवे आहे.

वस्तूंना एकच दर ठेवणे आता सोडून द्यावे. नाक्सरामास या अगदी शेवटच्या रेडपर्यंत हातात राहील असे शस्त्र आणि ब्लॅकविंग लेअर या पुढच्याच रेडमध्ये लगेच बदलले जाणारे हातमोजे यांची किंमत सारखी असू शकत नाही. सरासरी 200 च्या आसपास धरून शस्त्रांना 400, ट्रिंकेटना (खास शक्तीच्या छोट्या वस्तूंना) 300, संचातील कपड्यांना 150 आणि ज्यांना फारशी मागणी नाही अशा वस्तूंना अगदी नाममात्र दर लावावा. फुटून जाण्यापेक्षा वस्तू कोणाच्या तरी अंगावर गेलेली बरी. लिलावाची पद्धतही पुष्कळ गिल्ड वापरतात, पण उघड बोलीत एकाच क्लासचे, म्हणजे एकाच प्रकारचे पात्र घेतलेले, खेळाडू आपापसांत ठरवून बोली खाली ठेवतात, असे वारंवार दिसते. बोली गुप्त ठेवून जिंकणाऱ्याकडून दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीएवढेच पॉइंट घेतले तर बराच फरक पडतो, पण रात्री उशिरा 40 जणांना तो नियम समजावत बसण्याची तयारी हवी.

आपल्याकडून युरोपच्या सर्व्हरवर खेळणाऱ्यांसाठी आणखी एक मुद्दा महत्त्वाचा आहे. तिथल्या संध्याकाळी आठची रेड भारतात हिवाळ्यात रात्री साडेबाराला आणि उन्हाळ्यात साडेअकराला सुरू होते. वेळेआधी येण्याचे आणि शेवटपर्यंत थांबण्याचे ज्यादा पॉइंट ठेवले, तर सकाळी कामावर जाणारा माणूस कायम मागे पडतो. हे ज्यादा पॉइंट एकूण हजेरीच्या दहाव्या भागाहून अधिक नसावेत. याउलट, नाव नोंदवून तयार असताना जागा नाही म्हणून बाहेर बसवलेल्यांना पूर्ण पॉइंट द्यावेत, त्यात हात आखडता घेऊ नये. नव्या बॉसचा सराव करताना काहीच न मिळता रेड पुन्हा पुन्हा मरते, त्या रात्रीचेही पॉइंट द्यावेत. ज्या गिल्ड वस्तू मिळाली तरच पॉइंट वाटतात, त्यांना सरावाच्या रात्री माणसे मिळत नाहीत.

बदल सांगावा कसा, यावरही बरेच अवलंबून असते. वॉरक्राफ्टच्याच घडणीत, 2004 मध्ये खेळ बाजारात येण्याआधीच्या चाचणीत, फार वेळ खेळणाऱ्याचा ‘अनुभव’ (पात्राची पातळी वाढवणारे गुण) निम्म्या दराने वाढेल असा नियम होता आणि खेळाडूंना तो शिक्षा वाटला. निर्मात्यांनी आकडेमोड जवळपास तीच ठेवून नेहमीच्या दराला 100 टक्के आणि विश्रांती घेऊन आलेल्याच्या दराला 200 टक्के म्हटले आणि तक्रार मिटली. आपणही ‘तुमचे पॉइंट घटणार’ अशी सुरुवात न करता, प्रत्येकाला त्याचा नवा भागाकार आणि त्याने कमावलेल्या-घेतलेल्याची पूर्ण यादी आधी दाखवावी. मात्र लपवाछपवी अजिबात नसावी. नोव्हेंबर 2017 मध्ये ‘डेस्टिनी 2’च्या खेळाडूंनी घड्याळ लावून मोजले, तेव्हा पडद्यावर दिसणारा अनुभव आणि प्रत्यक्ष जमा होणारा अनुभव वेगळे निघाले, तो खेळ बनवणाऱ्या बंजी कंपनीला ते मान्य करून ती व्यवस्था बंद करावी लागली. गणिताची गोडी असलेला एक तरी खेळाडू प्रत्येक गिल्डमध्ये असतोच.

मतदान घ्यावे, पण साध्या बहुमतावर जाऊ नये, कारण नव्यांची संख्या वाढली की जुन्यांना आपले लुटले गेले असे वाटते आणि जुन्यांची संख्या जास्त असेल तर काहीच बदलत नाही. ‘ओल्ड स्कूल रूनस्केप’ या ऑनलाइन खेळात मोठे बदल खेळाडूंच्या मतदानाला ठेवले जातात आणि तिथे अनेक वर्षे 75 टक्के मतांची अट होती; तेवढा आकडा धरायला हरकत नाही. अंमल एखादी नवी रेड उघडण्याच्या आठवड्यापासून करावा, कारण तेव्हा सर्वांनाच नवे काही मिळवायचे असते आणि जुन्या शिलकीचा मोह थोडा कमी होतो.

एक अपवाद मात्र पॉइंटांच्या बाहेर ठेवा. गार आणि बॅरन गेडन या मोल्टन कोअरमधल्या बॉसकडून मिळणारे थंडरफ्युरी या दुर्मीळ तलवारीचे दोन्ही भाग एकाच माणसाकडे आले तरच त्या तलवारीचा उपयोग होतो. एक भाग एकाने जास्त भागाकारावर नेला आणि दुसरा दुसऱ्याने, तर दोघांच्याही हाती काही राहत नाही. ते कोणाला द्यायचे, हे गिल्डच्या अधिकाऱ्यांनी रेड सुरू होण्याआधीच ठरवून, नाव जाहीर करून ठेवावे.