डोक्याला मार लागल्यावर गाडीची चावी परत कधी द्यायची?

ताई, तुम्ही लिहिलंय की मिस्टरांना सात महिन्यांपूर्वी अपघातात डोक्याला मार लागला, ऑपरेशन झालं. आता चालतात, बोलतात, दुकानाचा हिशोब बघतात आणि गाडीची चावी मागतात. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे आजारानंतर रोजची कामं परत जमवायला मदत करणारी, असे पेशंट रोज बघते. आत्ता देऊ नका. आधी तपासणी.

या दुखापतीत कधी कधी आपलं काही चुकतंय हे कळण्याची शक्तीच जाते. माणूस खोटं बोलत नसतो, त्याला खरंच सगळं ठीक वाटतं. म्हणून त्यांच्या "मला जमतंय"वर जाऊ नका.

माझ्याकडे एक गृहस्थ यायचे, आयुष्यभर गाडी चालवलेले. मी कागद पुढे ठेवला. १ वरून क, क वरून २, २ वरून ख, असं आलटून पालटून रेघेने जोडायचं. ४ पर्यंत नीट गेले, मग ५, ६, ७ असे नुसते आकडेच जोडत सुटले. कागद परत देताना म्हणाले, "झालं, सोपं होतं." मग त्यांना माझ्या नाकाकडे बघायला सांगितलं आणि दोन्ही बाजूंना बोटं हलवली. डावं एकटं हलवलं की दिसायचं. दोन्ही एकदम हलली की फक्त उजवंच. आपल्याकडे दुचाक्या कशा डावीकडून घुसतात ते तुम्ही बघताच. माझ्या पोटात गोळा आला होता.

तुम्ही आधी न्यूरोच्या डॉक्टरांकडे जा. अपघातानंतर एकदा जरी फिट आली असेल, किंवा गोळ्यांनी झोप येत असेल, तर ते सांगा. ते हो म्हणेपर्यंत पुढचं काही नको. लायसन्सच्या फॉर्म १ मध्येही, म्हणजे आपण तब्येतीने ठीक आहोत असं लिहून देण्याच्या कागदात, फिट, चक्कर, शुद्ध हरपणं याबद्दल सरळ प्रश्न आहे. लायसन्सची मुदत शिल्लक आहे एवढ्यावर जाऊ नका. शरीराने किंवा मनाने अयोग्य असताना गाडी चालवणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८६ खाली गुन्हा आहे.

डोळ्यांच्या डॉक्टरांना "फील्ड टेस्ट करा" असं सांगा, म्हणजे समोर बघताना बाजूचं किती दिसतं त्याची तपासणी. त्याच फॉर्ममध्ये विचारतात ती २५ मीटरवरची नंबर प्लेट वाचता आली म्हणजे बाजूचंही दिसतं असं नाही. नंतर आमच्यासारख्यांकडे लक्ष, वेग, निर्णय यांची चाचणी.

हे सगळं जमलं तरच रस्ता. तोही ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत, जिथे शिकवणाऱ्याच्या पायाखालीही ब्रेक असतो. आधी रिकामा रस्ता, मग गर्दीचा चौक, उजवं वळण. दहा मिनिटांत काही कळत नाही, निदान पाऊण तास चालवू द्या. थकवा आला की चुका तेव्हाच बाहेर येतात.

पहिल्यांदा नाही जमलं तर काही महिन्यांनी परत तपासतात, सुधारणा होते. तोवर चावी दिरांकडे किंवा शेजारी ठेवा. आणि "नाही" हे तुम्ही म्हणू नका, आम्हाला म्हणू द्या. घरात रोज त्यांच्यासोबत तुम्हाला राहायचंय.