बारावी सायन्स झाली, घरची परिस्थिती बेताची आहे. पदवीसाठी स्कॉलरशिप कुठे शोधायची आणि अर्ज कसा करायचा?

राजापूरकडचं गाव, बारावीला 78 टक्के, वडील दुसऱ्याच्या कलमांची राखण करतात, रत्नागिरीत इंजिनिअरिंगला नंबर लागला तर ते, नाहीतर बीएस्सी, असं तू लिहिलं आहेस. मी देवगड तालुक्यातला. 2018 साली याच फेऱ्यातून गेलोय. वयानं मोठा म्हणून अरे-तुरे करतोय, राग नसावा.

शोधण्यात फार वेळ घालवू नकोस. सरकारी योजना मुख्यतः दोन ठिकाणी आहेत: राज्याच्या महाडीबीटीवर आणि केंद्राच्या नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर. मी 'टॉप 50 स्कॉलरशिप' छापाचे व्हिडिओ बघत अख्खा जून घालवला आणि दाखले काढायचे राहिले. अर्ज अडतो तो कागदावर.

पहिला कागद उत्पन्नाचा दाखला. तो साधारण 31 मार्चपर्यंतच चालतो. म्हणजे बोर्डाच्या परीक्षेआधी हौसेनं काढून ठेवलेला दाखला अॅडमिशनच्या वेळी रद्दीत. एप्रिल-मेमध्येच सेतूत अर्ज टाकायचा. एकदा पाऊस लागला की कधी लाइट नाही, कधी सर्व्हर नाही, आणि दोन्ही असले तर साहेब मीटिंगला. सोबत अधिवासाचा दाखला, रेशनकार्ड आणि आधार हवंच.

दुसरा कागद आपल्या कोकणात हमखास अडणारा: सातबारा. इंजिनिअरिंग मिळालं आणि वसतिगृहात किंवा खोली घेऊन राहायचं ठरलं, तर डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना बघ. ती अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी आहे. मी अल्पभूधारक दाखल्यासाठी गेलो तर तलाठी म्हणाले, "अरे, जमीन अजून तुझ्या आज्याच्या नावार आसा." आजोबा जाऊन अकरा वर्षं झाली होती. सातबारा सामायिक, त्यावर सव्वीस नावं, अर्धी माणसं मुंबईला, दोघांचा तर पत्ताच नाही. वारस नोंद घालायची तर मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची माहिती, मग नोटिशीची मुदत, मग मंडळ अधिकाऱ्यांची मंजुरी. शेवटी चतुर्थीला चाकरमानी गावी आले तेव्हा आरती झाल्यावर काकांना बसवून कागद पुरे केले. पहिल्या वर्षीचा भत्ता गेला तो गेलाच. तुमच्याकडे आजच सातबारा आणि आठ-अ काढून बघ कोणाच्या नावावर आहे. जमीनच नसेल तर वडिलांची मजूर म्हणून नोंदणी होते का ते विचार.

आता योजना. प्रवर्ग तू लिहिला नाहीस. एससी, एसटी, ओबीसी, भटके-विमुक्त यांच्या योजना आपापल्या विभागाखाली महाडीबीटीवरच दिसतात, त्यांना जातीचा दाखला लागतो. खुल्या प्रवर्गात राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती (सगळे ईबीसी म्हणतात): उत्पन्नाची मर्यादा 8 लाख, ट्यूशन आणि परीक्षा फीच्या निम्मी रक्कम. इंजिनिअरिंगची अॅडमिशन मात्र कॅप राउंडमधूनच, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतूनच हवी. मुलगी असशील आणि ईडब्ल्यूएस, एसईबीसी किंवा ओबीसीत बसत असशील, तर 2024-25 पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना ही फी पूर्ण माफ आहे. शिवाय एआयसीटीईची (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) 'प्रगती' शिष्यवृत्ती आहे, वर्षाला 50,000 रुपये, तीही मुलींसाठीच.

केंद्राची बारावीच्या गुणांवरची शिष्यवृत्ती पदवीच्या पहिल्या तीन वर्षांना वर्षाला 12,000 रुपये देते, उत्पन्न साडेचार लाखांच्या आत हवं. इथे लोक '80 पर्सेंटाइलच्या वर' ही अट वाचून '78 टक्केच आहेत' म्हणून सोडून देतात. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. बोर्डात तुझ्या शाखेतल्या शंभर मुलांमागे तू वरच्या विसात आहेस का, एवढाच प्रश्न आहे. अर्ज भरच.

पण तिच्याबरोबर दुसरी शिष्यवृत्ती किंवा फीमाफी घेता येत नाही. मला विचारशील तर बीएस्सीला, विशेषतः अनुदानित कॉलेजात, फीच थोडी असते. तिची निम्मी वाचवण्यापेक्षा रोख 12,000 बरे. इंजिनिअरिंगला उलट: फी मोठी, तिथे ईबीसी आणि सोबत पंजाबराव भत्ता.

पैसे आधारला जोडलेल्या खात्यात येतात, आणि एकापेक्षा जास्त खाती असतील तर शेवटी जोडलेल्या खात्यात. माझा रूममेट सिमकार्ड घेत असताना दुकानदारानं त्याचा अंगठा लावून घेतला आणि त्याच्या नावे नवंच खातं उघडलं. स्कॉलरशिप तिकडे गेली, आम्ही तीन महिने बँकेला शिव्या घालत होतो. बँकेत जाऊन आधार सीडिंग (आधारची जोडणी) कुठल्या खात्याला आहे ते विचार. मार्कशीट, आधार आणि पासबुक यांवरचं नाव अक्षरशः एकच हवं. एकीकडे गावचं आडनाव आणि दुसरीकडे मूळ आडनाव असं आपल्याकडे पुष्कळदा निघतं.

अर्ज भरला म्हणजे झालं असं नाही. तो आधी कॉलेजच्या लॉगिनला जातो. माझा तिथे दोन महिने पडून होता, कोणाच्या लक्षातच नव्हतं. प्रिंट घेऊन क्लार्कसमोर उभं राहायचं, दर आठवड्याला स्टेटस बघायचं. त्रुटी निघाली तर अर्ज परत तुझ्याकडे येतो, आणि त्याला मुदत असते.

आणि सायबर कॅफेवाल्याला त्याचा मोबाइल नंबर टाकू देऊ नकोस. आमच्याकडे रेंजसाठी सड्यावर जावं लागायचं, म्हणून ओटीपी त्याच्याच फोनवर घेतला. दुसऱ्या वर्षी रिन्यूअलला गेलो तर पासवर्ड आठवेना, आणि दुकान बंद करून तो गोव्याला गेलेला.